फियाटचे ब्रेक आणि ‘दोन मिनिटांत मिळणारे’ भाग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या १९८७ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या ब्रेकसाठी मी सहा महिने कशी वणवण केली, त्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : भाग मिळत नाहीत ही माझी तक्रार अतिरंजित आहे, कारण आपल्याला ते ऑनलाइन दोन मिनिटांत सापडले, आणि त्याचा दुवाही आपण दिला आहे, जुन्या सिलेंडरांना (चाकातल्या, ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या नळ्यांना) आतून स्लीव्ह, म्हणजे नवे अस्तर, मारून घेणे आणि जुन्या शूंवर (चाकाच्या ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींवर) नवे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, ठोकून घेणे हा जुगाड आहे, तो करणाऱ्याने रस्त्यावर येऊ नये, आणि ज्या गाडीला धड ब्रेक मिळत नाहीत तिला हौसेपायी सांभाळून दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालण्यापेक्षा ती भंगारात काढावी. जाता जाता आपण असेही लिहिले आहे की आपल्या वडिलांकडेही फियाट होती, आणि १९९८ मध्ये ती विकेपर्यंत त्यांना कुठल्याही भागासाठी कधी दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी लागली नाही.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते शंभर टक्के खरे आहे आणि माझ्या अडचणीचे मूळही त्यातच आहे. १९९८ मध्ये ही गाडी कारखान्यातून बाहेर पडतच होती. १९६४ पासून फियाट ११००, मग पुढे पद्मिनी, अशी ती सुमारे २००१ पर्यंत बनत राहिली. पण सुट्या भागांचा धंदा खऱ्या अर्थाने चालला तो तुमच्या-माझ्यासारख्या घरगुती गाड्यांवर नव्हे, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर. दिवसभर सिग्नलला थांबत-सुटत जाणाऱ्या टॅक्सीचे लायनर काही महिन्यांत झिजतात, व्हील सिलेंडरचे किट, म्हणजे आतल्या रबरी कपांचा संच, वारंवार बदलावे लागते. त्यामुळे कुर्ल्यापासून ऑपेरा हाउसपर्यंत आणि इकडे पुण्यात नाना पेठेत प्रत्येक दुकानदाराच्या फळीवर फियाटचा माल असे आणि तो पडून राहत नसे. २००८ मध्ये टॅक्सींना २५ वर्षांची वयोमर्यादा लागली, २०१३ मध्ये ती २० वर आली, आणि ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस नियमाप्रमाणे रस्त्यावरून उतरली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी तिला हार घातलेली छायाचित्रे छापली, पण तिच्या मागोमाग फळीवरचा माल संपत गेला आणि नवा कोणी बनवीनासा झाला, याची बातमी होण्याचे काही कारण नव्हते. ज्या वस्तूची महिन्याला दहा-वीस गिऱ्हाइके, तिच्यासाठी ओतकामाचे साचे कोण राखून ठेवील? नाना पेठेतल्या एका वृद्ध दुकानदाराने मला सरळच सांगितले, “साहेब, फियाटचं गिऱ्हाईक आता माल घ्यायला येत नाही, आठवणी सांगायला येतं.” मीही त्यांपैकीच एक होतो, हे मान्य करतो.

आता आपण दिलेल्या दुव्याविषयी. प्रतिक्रिया वाचली त्याच संध्याकाळी मी तो मागच्या चाकाचा सिलेंडर मागवला. आठव्या दिवशी तो घरी आला. खोक्यावर ‘पद्मिनी’ असे छापलेले होते, आत तेलकट कागदात गुंडाळलेला नवा कोरा सिलेंडर होता, आणि खरे सांगायचे तर मला वाटले की आपणच बरोबर ठरलात. मी पेपर अंथरून टेबलावर दोन्ही सिलेंडर शेजारी-शेजारी ठेवले, दोघांचे डस्ट कव्हर उतरवले, पिस्टन बाहेर काढले आणि व्हर्निअरने बोअर, म्हणजे आतला व्यास, मोजला. नवा सिलेंडर माझ्या जुन्यापेक्षा १.६ मिलिमीटरने मोठा निघाला. मागच्या बाजूचे बोल्टचे अंतर जुळत होते, ब्रेक पाइपचे आटे जुळत होते, म्हणजे तो चाकावर बसला असता. आणि माझ्या मते हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. जो भाग बसतच नाही तो निदान कोणाला फसवत नाही.

दीड मिलिमीटर वाचायला किरकोळ वाटतो. पण ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनच्या क्षेत्रफळावर काम करतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. समजा पाऊण इंची सिलेंडरच्या जागी तेरा-सोळांश इंची बसवला, तर तेवढ्याच दाबाला शूवर पडणारा जोर सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. एका बाजूला असा सिलेंडर आणि दुसऱ्या बाजूला जुना, असे झाले की ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढणार. यावर दोन्ही मागच्या चाकांना मोठा सिलेंडर लावा, असे आपण म्हणाल. तर मग ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांआधी मागची चाके जाम होणार आणि गाडी शेपटीकडून फिरणार. शिवाय मोठ्या सिलेंडरला भरायला ऑइल जास्त लागते, म्हणजे पेडल तेवढे अधिक खाली जाणार. पेडलच्या जोराने सगळीकडे ऑइल ढकलणारा मास्टर सिलेंडर मात्र तोच जुना. ही आकडेमोड गाडी बनवणाऱ्यांनी एकदा करून ठेवलेली असते. खोक्यावर नाव छापणाऱ्याने ती केली होती, असे मानायला मला काही आधार सापडला नाही.

किटची गोष्ट वेगळी आहे. रबरी कपांची किट आजही मिळतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. अडचण त्यांच्या वयाची आहे. दुकानदार ज्याला अभिमानाने ‘ओल्ड स्टॉक, ओरिजिनल कंपनीचा माल’ म्हणतो ते किट पंधरा-वीस वर्षे उष्ण पोटमाळ्यावर पडलेले असते. मी घेतलेल्या तीन पाकिटांपैकी दोनमधले कप वरून काळेभोर आणि नवे दिसत होते. पण कपाची पातळ ओठासारखी कड अंगठ्याच्या नखाने मागे दुमडली की तिच्यावर केसासारख्या बारीक भेगा उघडायच्या. ऑइल अडवून धरण्याचे सगळे काम ती कडच करते. तिसऱ्या पाकिटातले रबर लवचिक होते, त्यावर महिना आणि वर्षही होते, आणि किंमत पहिल्या दोन्हींपेक्षा कमी. तेव्हा ‘ओरिजिनल’ या शब्दावरचा माझा विश्वास तिथेच संपला.

‘जुगाड’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. व्हील सिलेंडरचा बोअर आतून गंजतो तो बहुधा ब्रेक ऑइलमुळेच. नेहमीचे ग्लायकॉलचे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांवर येते, आणि शोषलेले तेच पाणी सिलेंडरच्या तळाशी लोखंड खाऊ लागते. गंजाचा नुसता डाग असेल तर होनिंग करून, म्हणजे आतून बारीक घासून, भागते. नखाला खड्डा लागत असेल तर होनिंगने बोअर मोठा होतो आणि खड्डा जातोच असे नाही. अशा वेळी बोअर लेथवर वाढवून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घट्ट बसवतात आणि ती मूळ मापाला आणून गुळगुळीत करतात. मापाने केलेले हे काम जुन्या गाड्या सांभाळणारे लोक जगभर करतात, आणि पितळ किंवा स्टेनलेस लोखंडासारखे गंजत नाही हा त्यात फायदाच आहे. माझे मूळ ओतीव सिलेंडर, त्यांचा मूळ व्यास आणि ताजे रबर, हे एका बाजूला. चुकीच्या व्यासाचा चकचकीत नवा सिलेंडर दुसऱ्या बाजूला. यांतला जुगाड कोणता, हे आपणच ठरवावे.

लायनरचेही तसेच. शूवर रिबिट मारून लायनर बसवणे ही कोपऱ्यावरच्या मिस्त्रीची शक्कल नसून या शूंची रचनाच त्यासाठी केलेली आहे. महामार्गावर आपल्या शेजारून जाणाऱ्या मालट्रकचे लायनर आजही असेच बदलले जातात. मी ज्यांच्याकडून काम करून घेतले त्यांच्याकडे मी दोन तास स्टूल टाकून बसलो होतो. त्यांनी प्रत्येक शूवर आधी मधली रिबिट मारली आणि मग दोन्ही टोकांकडे सरकत गेले, म्हणजे लायनर शूच्या वळणाला चिकटून बसतो, मध्ये फुगत नाही. आणि प्रत्येक रिबिटीचे डोके लायनरच्या पृष्ठभागाखाली पुरेसे खोल गेले आहे की नाही, ते बोट फिरवून पाहिले. जुने लायनर काढताना त्यांनी तोंडाला ओला रुमाल बांधला आणि धूळ हवेच्या पाइपने न उडवता ओल्या फडक्याने पुसली, कारण त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ओला रुमाल हा काही नीट मास्क नव्हे, हे मी त्यांना सांगितले. पुढच्या वेळी मास्क घेऊन जाणार आहे. एवढी काळजी घेणारे अधिकृत सर्व्हिस सेंटर मी अजून पाहिलेले नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

खाली आणखी एकाने ‘पुढे डिस्क ब्रेक बसवून मोकळे व्हा’ असे सुचवले आहे, आणि आपण त्याला दुजोरा दिला आहे. त्याविषयी एवढेच की ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलेंडरमध्ये पाइपांत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. त्याच पाइपांवर डिस्क लावली तर पाय काढल्यावरही पॅड चिकटून राहतील आणि तापतील. म्हणजे मास्टर सिलेंडर, हब आणि कदाचित चाकेसुद्धा बदला. एवढे केल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत फेरफार केला म्हणून नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षकापुढे मान खाली घालून उभे राहा. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती गाडीही जशीच्या तशी असावी लागते. माझी गाडी त्या वयाची व्हायला अजून बरीच वर्षे आहेत.

राहिला तिसरा मुद्दा, दुसऱ्यांच्या जिवाचा. इथे मला आपल्याशी वाद घालायचा नाही. मूळ लेखात मी वाईला जाऊन आल्याचे गमतीच्या सुरात लिहिले होते : पेडल पहिल्या दाबाला पोकळ लागते, दोनदा पंप केले की ब्रेक धरतो, आणि सवय झाली की काही वाटत नाही. आपण त्या वाक्यावर बोट ठेवलेत आणि ते योग्यच केलेत. माझ्या गाडीत ब्रेकचे सर्किट एकच आहे. कुठेही एक होज फुटला किंवा एक कप उलटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, नव्या गाडीसारखे अर्धे शिल्लक राहत नाहीत. परतताना खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर जो उतार आणि जे वळण लागते, तिथे पेडल पंप करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काय होऊ शकते, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको. मागचा उजवा सिलेंडर झिरपत होता, हे मला चाकाच्या आतल्या बाजूच्या ओल्या डागावरून माहीत होते. माहीत असूनही मी गेलो. ते वाक्य मी लेखातून काढलेले नाही, पण त्याखाली आता तसे स्पष्ट लिहिले आहे.

गाडी त्यानंतर रस्त्यावर आलेली नाही. मागचा उजवा सोडून बाकीच्या सगळ्या सिलेंडरांचे काम झाले आहे, ड्रम तपासून झाले आहेत, होज नवे आहेत. उजव्या सिलेंडरच्या ब्लीडर निपलचे (ऑइलमधली हवा काढायच्या तोटीचे) आटे मात्र गंजून असे झडले आहेत की निपल घट्ट बसतच नाही. स्लीव्ह बोअर वाचवते, ओतकामाच्या अंगाला गेलेली जागा वाचवत नाही. ते भोक मोठे करून नवे आटे पाडायला तिथे पुरेसे लोखंड उरलेले नाही, असे लेथवाल्यांनी सांगितले आणि मला ते पटले. म्हणून गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागून ठोकळ्यांवर चढवून ठेवली आहे, आणि सेक्रेटरींच्या दोन चिठ्ठ्या आतापर्यंत वायपरखाली सापडल्या आहेत.

यासाठीच आपल्याला एक विनंती करतो. आपल्या वडिलांनी गाडी १९९८ मध्ये विकली. त्या काळचे बहुतेक फियाटवाले एखादे जुने सिलेंडर, एखादा शूचा जोड, अर्धा डबा ग्रीस असे काहीबाही माळ्यावर टाकून ठेवत, आणि गाडी विकताना ते देण्याचे कोणाच्या लक्षात येत नसे. आपल्या घरी तसे काही निघाले, तर सिलेंडरच्या अंगावर ओतलेला आकडा आणि बोअरचे माप तेवढे मला कळवावे. आतले रबर मेलेले असेल, पिस्टन अडकलेला असेल, बोअर गंजलेला असेल, तरी चालेल; ते सगळे दुरुस्त होते. मला फक्त त्याचे लोखंड आणि निपलचे शाबूत आटे हवे आहेत.