तांबड्या रश्शावरचा आळ

सदतिसाव्या वर्षी माझ्या हनुवटीवर मुरूम उगवले. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. म्हणजे घरात वयात यायची पाळी तिची होती, आणि आले मी, तेही दुसऱ्यांदा. ती रोज सकाळी आरशात स्वतःचा चेहरा तपासायची. तिथं काही सापडलं नाही की माझ्याकडे वळून म्हणायची, "आई, आज दोन वाढलेत."

मुरूम या शब्दाची मला पहिल्यापासून गंमत वाटते. रस्त्याला आधी खड्डा पडतो आणि मग त्यात मुरूम टाकतात. चेहऱ्याचं काम उलटं, मुरूम आधी आणि खड्डा नंतर. शुद्ध मराठीत यांना तारुण्यपीटिका म्हणतात. गुडघे कुरकुरायला लागल्यावर आलेल्या वस्तूला हे नाव म्हणजे निव्वळ चेष्टा. सुश्रुतानं या दुखण्याला 'मुखदूषिका' म्हटलंय आणि तरुणांच्या तोंडावर काटेसावरीच्या काट्यांसारख्या उठणाऱ्या पुळ्या असं वर्णन केलंय. काट्यांचं अगदी तंतोतंत जुळत होतं. तरुण तेवढं जुळेना.

मी पतसंस्थेत रोखपाल आहे. खिडकीतून माझा फक्त चेहरा आणि हात दिसतात. हातांना कुणी काही म्हणत नाही. इतर शहरांत म्हणे लोक बघून न बघितल्यासारखं करतात. कोल्हापुरात ही सोय नाही. इथं माणूस नोटा मोजता मोजता थांबतो, वाकून नीट बघतो आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "वैनी, तोंडाला काय झालं ओ?" मग रांग बोलू लागते. पोट साफ नसेल. रक्त बिघडलंय. जायफळ उगाळून लावा. मुलतानी माती लावा. टूथपेस्ट लावून झोपा. एका आजोबांनी तर पासबुक भरून घेता घेता मला पहाटेची पहिली थुंकी लावायला सांगितली. कपिलतीर्थ मंडईतल्या मावशींनी मी न मागितलेल्या चार काकड्या पिशवीत टाकल्या, "लई उष्णता झालीया तुला," म्हणाल्या आणि चाळीस रुपये घेतले. निदान आणि औषध मिळून एवढ्या स्वस्तात मला पुन्हा कुठं मिळालं नाही.

या सगळ्यांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. आरोपी तांबडा रस्सा.

आमच्या आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, खटला तिथल्या तिथं निकालात काढला. "आजपास्नं हिचा रस्सा बंद." मंगळवार पेठेतल्या घरात रविवारी मटण शिजत असताना एका माणसाचा रस्सा बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. कुकरची शिट्टी, चटणीचा खकाणा, वर आलेला लाल कट, वाटी तोंडाला लावून भुरके मारणारं अख्खं घर, आणि मध्ये मी, माझ्यापुढे तापातल्या पोराला देतात तसं अळणी. दर भुरक्याला आमचे हे माझ्याकडे बघून डोळ्यांनी दिलगिरी व्यक्त करायचे. भुरका मात्र लहान झाला नाही.

रश्शाच्या जागी दूध आलं. आत्तींचे भाऊ तालमीतले, त्यामुळे जगातलं कुठलंही दुखणं दुधानं जातं यावर त्यांची श्रद्धा. "पैलवान बघ की, गडी कसं तुकतुकीत असत्यात!" सकाळी गुलकंद घालून एक पेला. दुपारी सब्जा घातलेलं थंड दूध. संध्याकाळी मी कामावरून सुटले की हे मला गाडीवर बसवून गंगावेशीतल्या कट्ट्यावर नेणार. तिथं म्हशी उभ्याच असतात. धार थेट पेल्यात, वर बोटभर फेस, दूध अजून कोमट. खोटं का बोलू, तो पेला मला आवडायचा. शिवाय उष्णता नको म्हणून रविवारी माझ्यासाठी वेगळा गोडाचा शिरा. असे तीन महिने गेले. हनुवटीवरचे मुरूम जबड्याच्या कडेनं कानापर्यंत पोचले. वजन चार किलो वाढलं. उष्णता बहुतेक गेली असावी, कारण तिच्याबद्दल नंतर कुणी बोललं नाही.

मधे एका औषधाच्या दुकानात मी अक्कल गहाण ठेवली. काउंटरवरच्या मुलानं "ही लावा, सगळे हीच नेतात" म्हणून एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की खिडकीतले लोक मला ट्यूबचं नाव विचारू लागले. महिन्याभरानं थांबवली तर सगळा चेहरा लाल, आग आणि बारीक पुळ्यांचा सडा. आधी काटेसावरीचं एक झाड होतं, आता बन झालं.

शेवटी राजारामपुरीतल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेले. आत्ती सोबत आल्याच. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा ट्यूब बघायला मागितली, उलटीसुलटी केली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्यात स्टेरॉइड होतं. ते लावलं की सूज आणि लाली झटपट बसते, म्हणून चेहरा सुंदर दिसतो. पण कातडी पातळ होते आणि थांबवलं की दुप्पट उसळतं. मग प्रश्न सुरू झाले. पाळी वेळेवर येते का? डोक्याचे केस विरळ झालेत का? हनुवटीवर राठ केस येतात का? शेवटचा प्रश्न, "आणखी मूल होण्याचा काही विचार?" आत्तींचा चेहरा त्या क्षणी असा उजळला की त्यापुढे ती ट्यूब काहीच नव्हती. डॉक्टरांनी खुलासा केला की रात्री लावायला जे मलम देणार आहे ते गरोदरपणात चालत नाही, म्हणून विचारलं. चेहरा पुन्हा मावळला.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. अंडाशयाचा, म्हणजे पीसीओएसचा, प्रश्न नव्हता. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "बायकांच्या अंगात अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, थोडं असतंच. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी त्याच्या हुकमावर चालतात. तेल जास्त सुटतं, केसाच्या मुळाशी भोक बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते."

पुरुषी हार्मोन म्हटल्यावर मी मनात चरकले. आम्ही कोल्हापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या "मी जातो, मी येतो, मी जेवतो" म्हणत आलोय. त्याचा तर हा परिणाम नसेल? विचारलं नाही, पण शंका आजही पूर्ण फिटलेली नाही.

"पण तुमचं हार्मोन प्रमाणात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ग्रंथीच जास्त संवेदनशील आहेत. मोठ्या वयाच्या पुष्कळ बायकांचं असंच असतं. हनुवटी, जबडा, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात जोर."

हे मला लगेच पटलं. बोलणारा साधंच बोलतो, ऐकणारा मनाला लावून घेतो. "आज मीठ कमी पडलंय व्हय?" या एका वाक्यावर तीन दिवस रुसून बसलेली माणसं मी पाहिलीत. ती बाजूच्याच खुर्चीत बसली होती. आणि पाळीच्या आधीच्या आठवड्याचं तर घरी दिनदर्शिका काढून ताडून पाहिलं. सात-आठ दिवस आधी, संकष्टी चुकेल पण हा उपास चुकत नाही अशा नेमानं मुरूम हजर. जी वस्तू तारीख बघून येते, तिचा रविवारच्या मटणाशी काय संबंध असणार, हे आम्हाला कुणालाच आधी सुचलं नव्हतं.

मी धीर करून विचारलं, "आणि तिखट? रस्सा?"

"तिखटानं मुरूम येतात असा पुरावा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नाक गळेल, घाम येईल. ते वेगळं."

मी आत्तींकडे पाहिलं. आत्तींनी भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडे पाहिलं.

"खाण्यात संशय आहे तो दोन गोष्टींवर. साखर-मैद्यावर आणि दुधावर."

खोलीत शांतता पसरली. दूध! ज्या गावात पोराला चालता येण्याआधी तालमीचा आणि दुधाचा रस्ता दाखवतात, त्या गावात बसून एक शिकलीसवरलेली बाई दुधावर संशय घेत होती. गोड किंवा मैद्याचं खाल्लं की रक्तात साखर झपाट्यानं चढते, ती उतरवायला इन्सुलिन धावतं, इन्सुलिन वाढलं की वाढीची आणखी रसायनं आणि अँड्रोजेन जोरात येतात, आणि तेलाच्या ग्रंथींचा गळीत हंगाम सुरू होतो. दुधानं साखर तशी चढत नाही, पण त्यातली प्रथिनं इन्सुलिनला मात्र चांगलंच उठवतात. वासरू भराभर वाढावं म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. सदतीस वर्षांच्या रोखपालाला आणखी कुठं वाढायचं असतं? चार किलो वाढले, तेवढंच.

"मग साखरेऐवजी गूळ चालेल?" आत्तींनी शेवटचा डाव टाकला.

"गुळाचाही जीआय जास्तच असतो," डॉक्टर म्हणाल्या.

"हो, २०१४ ला मिळाला," मी अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्या ग्लायसेमिक इंडेक्सबद्दल बोलत होत्या आणि मी कोल्हापुरी गुळाच्या भौगोलिक मानांकनाबद्दल. गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ आहे, इन्सुलिन दोघांत भेद करत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. हे वाक्य शाहूपुरीच्या गूळ बाजारात उभं राहून उच्चारायची माझी तरी छाती नाही.

त्या रात्रीपासून मला फोनवर वाचायचा नाद लागला. मुरमांवर जगात केवढं काम झालंय! २००५ साली सत्तेचाळीस हजारांवर अमेरिकन परिचारिकांना शाळकरी वयात काय खाल्लं-प्यायलं ते आठवायला लावलं, तेव्हा दुधाचं आणि मुरमांचं नातं दिसलं, आणि सायीच्या दुधापेक्षा साय काढलेल्या दुधाशी ते जास्त दिसलं. (मला कालची भाजी आठवत नाही. या बायकांना शाळेतलं दूध आठवलं. मी त्यावर थोडा संशय राखून आहे, आणि नातं दिसलं म्हणजे दुधानंच केलं असंही नाही.) मेलबर्नमध्ये त्रेचाळीस पोरांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला, तो २००७ साली छापून आला. गोड-मैदा कमी आणि प्रथिनं जास्त खाणाऱ्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा जास्त घटले. त्यांचं वजनही घटलं होतं, त्यामुळे श्रेय नक्की कुणाचं ही भानगड राहिलीच. पण मला सगळ्यात आवडला तो १९६९ चा चॉकलेटचा प्रयोग. पासष्ट जणांना एकदा चॉकलेटची वडी आणि एकदा बिनचॉकलेटची वडी दिली, फरक पडला नाही, चॉकलेट निर्दोष सुटलं. नंतर लोकांच्या ध्यानात आलं की दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे समोरासमोर सोडल्यावर कुस्ती बरोबरीत सुटणार नाही तर काय होणार?

पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर तर बाराशे माणसं तपासली आणि एकालाही मुरूम सापडला नाही. २००२ साली हे छापून आलं. ती माणसं कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खातात. नारळ वाचल्याबरोबर मी उठून बसले. पांढरा रस्साही सुटला! त्यातलं दूध नारळाचं असतं. यांना उठवून सांगितलं. हे "बरं" म्हणाले आणि कुशीवर वळले.

उपचार मात्र अगदीच बिनमसाल्याचे निघाले. रात्री चेहरा धुऊन वाटाण्याएवढं मलम, सकाळी उन्हाचं क्रीम, आणि बारा आठवडे गप्प बसायचं. पहिले तीन आठवडे चेहरा आणखी बिघडेल, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, आणि त्यांनी शब्द पाळला. कातडी उन्हाळ्यातल्या बटाट्याच्या पापडासारखी सुटायला लागली. खिडकीतल्या रांगेनं पुन्हा बैठक घेतली. आजोबांनी थुंकीची आठवण करून दिली. मी चहातली साखर अर्ध्यावर आणली, शिरा बंद केला, मिसळीचा कट ठेवला आणि तिच्यासोबतचा ब्रेड सोडला. गंगावेशीत आता हे एकटेच पेला घेतात आणि मी म्हशीकडे बघत उभी राहते. ताकाबद्दल मी डॉक्टरांना मुद्दामच विचारलं नाही. नको ते उत्तर मिळायचं.

तिसऱ्या महिन्यात हनुवटी हाताला गुळगुळीत लागली. पाळीच्या आधी एखादा येतो अजून, पण पाहुण्यासारखा येतो, राहायला येत नाही. रश्शावरची बंदी आत्तींनी उठवली. चूक कबूल न करता उठवली. "औषधानं उष्णता गेली न्हवं का, आता खा," एवढंच.

याच सुमारास आमच्या ह्यांना चाळिशीची जाणीव झाली आणि त्यांनी जिम लावली. तालमीतला जुना गडी, पण आता सोबत डब्यातली पावडर आली. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. मी डबा फिरवून वाचला. व्हे प्रोटीन. म्हणजे दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातली प्रथिनं, दुधातला तो इन्सुलिनला उठवणारा ऐवज अगदी निवडून आणि वाळवून भरलेला. महिन्याभरात यांच्या पाठीवर मुरूम उठले. असे की बनियन घालताना हे "आई गं" म्हणायचे, आणि आई एकदा खरंच आली.

आत्तींनी लेकाची पाठ उजेडाकडे करून नीट बघितली. "उष्णता," त्या म्हणाल्या. "ह्याचा रस्सा बंद."

रविवार होता. ह्यांनी ताटावरून माझ्याकडे बघितलं. "सांग की आईला, तू एवढं वाचलंयस," असं ते डोळ्यांनी म्हणत होते. मी सांगणारच होते. पण तोवर आत्तींनी यांच्यापुढची भरलेली वाटी उचलून माझ्या ताटात ठेवली होती, आणि रस्सा गरम होता.