कायदा आधी की युनियन आधी?

अमेरिकेतल्या कामगारांचा विषय परवा कट्ट्यावर निघाला आणि नोकरीतल्या अन्यायापासून कामगाराला भेदभावविरोधी कायदा अधिक वाचवतो की युनियन, यावर बघता बघता दोन तट पडले. निमित्त २०२५ सालातल्या घडामोडींचे होते. जानेवारीत ट्रम्प यांनी युनियनचे हक्क पाहणाऱ्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या एका सदस्याला आणि नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या समान रोजगार संधी आयोगाच्या दोन आयुक्तांना मुदतीपूर्वीच दूर केले. पाचांपैकी किमान तीन जागा भरलेल्या असल्याशिवाय या दोन्ही संस्थांची गणपूर्ती होत नाही, त्यामुळे कायद्यातले एक अक्षरही न बदलता महत्त्वाचे निर्णय अडकून पडले. सरकारी कंत्राटदारांना भेदभाव करण्यास मनाई करणारा १९६५ चा आदेशही त्याच महिन्यात रद्द झाला आणि मार्चमध्ये अनेक केंद्रीय खात्यांतल्या कर्मचाऱ्यांचा युनियनमार्फत सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क काढून घेण्यात आला.

नोकरीचे खटले लढवणारे आमचे वकीलसाहेब म्हणाले की यातला भेदभावविरोधी कायद्यावरचा घाव अधिक खोल आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांवरून नोकरीत भेद करण्यास बंदी घातली. त्यातल्या लिंग या शब्दाच्या कक्षेत समलिंगी आणि पारलिंगी कर्मचारीही येतात, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. या कायद्याच्या आधारे एकटा माणूस मालकाला कोर्टात खेचू शकतो, त्याला कोणाच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. "तात्या, युनियन बहुमतावर चालते, भेदभाव सोसणारा मात्र बहुतेकदा अल्पमतातच असतो," असे म्हणून त्यांनी बेस्टर स्टील यांचा खटला काढला.

स्टील हे लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीवर काम करणारे, होते. फायरमन लोकांच्या संघटनेत कृष्णवर्णीयांना सभासदत्व मिळत नसे, पण बहुमत तिचे असल्यामुळे कायद्याने त्यांच्याही वतीने तीच वाटाघाटी करी. १९४१ मध्ये तिने रेल्वे कंपन्यांशी असा करार केला की कृष्णवर्णीय फायरमनांचे प्रमाण निम्म्याच्या वर जाऊ नये. स्टील यांची चांगली जागा गेली आणि त्यांच्या वाट्याला अधिक कष्टाचे, कमी पगाराचे काम आले. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघटनेला बजावले की ज्यांच्या वतीने बोलता त्या सर्वांशी न्यायाने वागा. पण त्यांना सभासद करून घ्या, असे मात्र सांगितले नाही.

उभी हयात युनियनच्या कामात घालवलेल्या तात्यांनी हे नाकारले नाही. त्यांचा रोख वेगळीकडे होता. मॉन्टाना सोडले तर अमेरिकेत करार नसलेल्या नोकराला मालक सहसा कोणतेही कारण न देता काढू शकतो; बंदी आहे ती केवळ काही ठरावीक कारणांना. "म्हणजे मालकाच्या मनात काय होते, ते त्या बिचाऱ्या नोकराने सिद्ध करायचे!" समजा, वारंवार उशिरा येते या सबबीवर एका बाईंना काढले. कोर्टात गेल्यास इतरही तितकेच उशिरा येत होते आणि ते मात्र राहिले, हे त्यांना दाखवावे लागते. हजेरीपट असतो मालकाच्या कपाटात. तक्रारीची मुदत १८० दिवसांची, बहुतेक राज्यांत ३०० दिवसांची, आणि पंधरापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर हा केंद्रीय कायदा लागूच होत नाही. याउलट युनियनच्या करारात सहसा योग्य कारणाशिवाय काढता येणार नाही असे कलम असते, त्यामुळे हजेरीपट मालकालाच बाहेर काढावा लागतो.

सिद्ध करण्याचा भार कोणावर, हा मुद्दा मला त्या चर्चेतला सर्वांत वजनदार वाटला. (राजकीय भाषणांत तो जवळजवळ ऐकू येत नाही.) तात्यांनी त्याला मेंफिस शहराच्या उदाहरणाची जोड दिली. १९६८ मध्ये तिथले सुमारे १,३०० कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा नागरी हक्क कायदा होऊन चार वर्षेही झाली नव्हती. तरी त्यांची मुख्य मागणी होती युनियनला मान्यता आणि पगारातून वर्गणी कापण्याची सोय. महापौर नेमके तिथेच अडून बसले. पुढे २०११ मध्ये विस्कॉन्सिनने बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हीच वर्गणी-कपात बंद केली.

"मेंफिसच काढलेत, तर १९८१ चेही सांगा," वकीलसाहेब म्हणाले. त्या वर्षी तुटीमुळे शहराने अग्निशमन दलात कपात काढली. आदल्याच वर्षीच्या तडजोडीने तिथे कृष्णवर्णीयांची भरती वाढू लागली होती, म्हणजे शेवटी आलेले तेच आणि युनियन ज्याचा आग्रह धरते त्या सेवाज्येष्ठतेच्या नियमाने आधी जाणारेही तेच. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठतेच्या बाजूने कौल दिला.

तात्या म्हणाले, "ज्येष्ठता सोडली की यादी पुन्हा साहेबाच्या मर्जीवर."

"पण ज्यांना वर्षानुवर्षे दारातच उभे केले, त्यांनी ज्येष्ठता आणायची कुठून?"

मग माणसे कमी करण्याऐवजी सगळ्यांचेच तास थोडेथोडे कमी करावेत, असा तोडगा तात्यांनी सुचवला. मला तो पटला. वकीलसाहेबांनी एवढेच विचारले की जुने सभासद पगारावर पाणी सोडून याला मत देतील का.

"पहिल्या सभेत ठराव पडेल," तात्या म्हणाले. "दुसरी सभा बोलवावी लागेल."