मुंगीला कोयना बांधता येत नाही

कऱ्हाडच्या माझ्या चुलतभावाने गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर पाठवला. ‘मानवयुग’ (अँथ्रोपोसीन), म्हणजे माणसाने पृथ्वी बदलल्यामुळे नवे भूवैज्ञानिक युग सुरू झाले ही कल्पना भूवैज्ञानिकांनीच फेटाळली आहे, साडेचारशे कोटी वर्षांच्या पृथ्वीपुढे माणूस म्हणजे मुंगी, तेव्हा हवामानाच्या नावाने पाश्चात्त्यांनी उभा केलेला बागुलबुवा आता पुरे, असा त्याचा आशय होता. काकांनी आणि दोन्ही आत्यांनी त्याला दुजोरा दिला. तेव्हापासून भावाचे ते मुंगीचे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मार्च २०२४ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय समितीत या कल्पनेवर मतदान झाले हे खरे आहे. पण त्यात माणसाने पृथ्वी बदलली की नाही, असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झालेले होलोसीन युग विसाव्या शतकाच्या मध्यावर संपले असे मानावे काय आणि त्याची खूण म्हणून कॅनडातील क्रॉफर्ड तलावाच्या तळाचा गाळ धरावा काय, एवढाच तो प्रश्न होता. १२ विरुद्ध ४ मतांनी प्रस्ताव पडला. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांचा आक्षेप तर असा होता, की शेतीसाठी जंगले तोडली गेली तेव्हापासून माणूस पृथ्वी बदलत आला आहे, मग सुरुवात इतकी अलीकडे का ओढायची? म्हणजे ज्या मतदानाचा आधार माझा भाऊ घेतो, त्यातले विरोधक त्याच्या बाजूचे नव्हतेच. २०१८ मध्ये याच शास्त्राच्या याच व्यवस्थेने गेल्या ४,२०० वर्षांच्या कालखंडाला मेघालयातील मावम्लुह गुहेवरून ‘मेघालयी’ हे नाव दिले होते, तेव्हा आमच्या गटावर अभिमानाचे संदेश फिरले होते. त्या वेळी भूवैज्ञानिकांचे म्हणणे नीट वाचले गेले, या वेळी वाचले गेले नाही.

मी जर्मनीत राहतो तेथून गार्त्सवायलरची कोळसा खाण जवळ आहे. याकेराथ गावाजवळच्या कठड्यावरून पाहिले तर खाली तपकिरी कोळशाचे थर आणि त्यांवर चालणारे बॅगर, म्हणजे अजस्र खोदयंत्रे, दिसतात. १९७८ साली बांधलेला बॅगर २८८ सुमारे ९६ मीटर उंच आहे आणि दिवसाला दोन लाख चाळीस हजार घनमीटर माती-कोळसा उपसू शकतो. कामावर जाताना मी ए-४४ महामार्गावरून जातो, त्या रस्त्याचा एक भाग आधी खणलेल्या आणि मग भरून काढलेल्या खाणीवरच बांधलेला आहे. या खाणीसाठी इमेराथ गाव उठले. दफनभूमीतील मृतांचे अवशेषही नव्या इमेराथमध्ये हलवले गेले आणि जानेवारी २०१८ मध्ये दोन मनोऱ्यांचे चर्च पाडले गेले. कोळसा संपल्यावर नळांतून ऱ्हाइनचे पाणी आणून येथे तलाव करायचा आहे आणि तो भरायला काही दशके लागणार आहेत.

पण भावाला जर्मनीपर्यंत येण्याची गरज नाही. त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर प्रीतिसंगम आहे. तेथे कृष्णेला मिळून पुढे बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या कोयनेचे पाणी आपण धरण बांधून शिवसागर जलाशयात अडवले, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवले आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला नेऊन सोडले. धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक पाणी असे पश्चिमेला वळवता येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, सुमारे १८० माणसे गेली आणि जलाशयामुळे घडून आलेल्या भूकंपांत त्याचे नाव आजही जगात सर्वांत वर घेतले जाते. ज्या जिल्ह्यात माणसाने साठवलेल्या पाण्याने जमीन हलवली, त्या जिल्ह्यातील माणसाने स्वतःला मुंगी म्हणावे, याचा मला संताप येतो.

हे मी गटावर लिहिले तेव्हा भावाने उत्तर दिले, की तुमच्याकडे जानेवारी २०२३ मध्ये याच खाणीसाठी उठवलेल्या ल्युत्झराथ गावातून आंदोलकांना पोलिसांनी उचलून नेले आणि तुमचा एक माणूस आमच्या तिघांहून अधिक कार्बन हवेत सोडतो, तेव्हा शिकवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण येथे निदान गाव उठण्यापूर्वी त्याच नावाचे दुसरे गाव वसवले जाते, असे मी त्याला सुनावले. कोयनेच्या धरणग्रस्तांची पुनर्वसनाची लढाई साठ वर्षांनंतरही संपलेली नाही, हेही लिहिले. पाठवल्यावर मात्र मला त्याच्या ‘तुमच्याकडे’ या शब्दाने अस्वस्थ केले, कारण मीही ‘येथे’ असे लिहिले होते आणि ते अगदी सहज लिहिले होते.

मी ज्या कारखान्यात काम करतो, तो या खाणीतील कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांसाठी सुटे भाग करतो. बारा वर्षे माझा पगार त्यातून येतो आणि त्याच पगारातून कऱ्हाडच्या घराचा वरचा मजला झाला. इमेराथचे चर्च पडले त्या आठवड्यात सहकाऱ्यांपैकी दोघे रडले. मी त्यांच्याबरोबर उभा राहिलो, पण मला आठवत होते ते आजीचे गाव. मी ते कधीच पाहिले नाही. मी जन्मलो तेव्हा ते पाण्याखाली जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि आजी फक्त देवळापुढच्या पाराबद्दल बोलत असे.

वाद दोन आठवडे थांबला. मग मी काकांना इमेराथच्या जागेचे छायाचित्र पाठवले. त्यात खाणीचा उतार, माती आणि मागे पवनचक्क्या एवढेच होते. काकांनी मुंगीविषयी काही लिहिले नाही. त्यांनी विचारले, “यात त्यांचे देऊळ कुठे होते?” मी चर्चची जागा बोटाने दाखवता येईल म्हणून छायाचित्र मोठे करून पाहत राहिलो, पण मला ती सापडली नाही.