धुरा कोणी सरकवला?

आमच्या वरूडकडे भांडायला दोन कारणं पुरतात, पाणी आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध. तिसरं मी लॅपटॉपातून घरी आणलं.

परवा सकाळी कोडच्या एका फाईलीत एक ओळ बदलली आणि कंट्रोल-एस दाबलं. फाईलभरची एकेरी अवतरणचिन्हं दुहेरी झाली, आणि लगेच प्रत्येकाखाली लाल नागमोडी रेघ उमटली, ‘एकेरी पाहिजे’. बरं बाबा. ‘दुरुस्त करा’ दाबलं, सगळी एकेरी झाली, रेघा गेल्या. सेव्ह केलं. पुन्हा दुहेरी, पुन्हा रेघा. दुपारपर्यंत हेच. काम एका ओळीचं, आणि बदलांच्या यादीत दोनशे ओळी.

कोड लिहायचा एडिटर बिचारा साधाच असतो, करामती करतात ती वरून टाकलेली एक्स्टेन्शन्स. पूर्वी मी ॲटम नावाचा एडिटर वापरायचो, तिथे यांना पॅकेज म्हणत. काही बिघडलं की सेफ मोडमध्ये उघडायचं, बाहेरून टाकलेली पॅकेजं बाजूला राहायची. 15 डिसेंबर 2022 ला तो प्रकल्पच गुंडाळला गेला. मी नव्या एडिटरात बिऱ्हाड हलवलं आणि सामान दुप्पट केलं. मोजली तर 41 निघाली! एक कंसांना रंग देतं, जे एडिटर आता स्वतःच करतो. एक खालच्या कोपऱ्यात मांजर फिरवतं. का, ते विचारू नका.

बाबा बगिच्यातून आले. मी कपाळाला हात लावून बसलेला.

“काय झालं बे?”

“एकेचाळीसातलं एक बिघडलं, कोणतं ते कळत नाही.”

“मंग अर्धे बंद कर ना. ड्रिपची लाईन कुठी फुटली ते कसं पायतो आपन? अर्धे व्हॉल्व्ह बंद, पानी थांबलं तं फुटलेली नळी त्या अर्ध्यात. मंग त्याचे अर्धे.”

एडिटरात नेमकी हीच सोय आहे, तिला बायसेक्ट म्हणतात. आधी सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून बघते, मग अर्धी, मग त्यातली अर्धी. प्रत्येक फेरीला एडिटर नव्याने उघडतो आणि विचारतो, त्रास गेला का? 41 असली तरी मोजक्याच फेऱ्यांत निकाल लागतो. चौथ्या फेरीला लाईन गेली. लॅपटॉप 19 टक्क्यांवर, नेटसाठी मोबाईल गच्चीवरच्या टाकीला टेकवलेला, आणि मी टाकीच्या सावलीत मांडी घालून हो-नाही करतोय. शेजारच्या काकूंना वाटलं, पोरगं उपासाला बसलं.

शेवटच्या फेरीला निकाल आला. चोर सापडला, फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी नीटनेटकी करणारं एक्स्टेन्शन! काढून टाकला. रेघा गेल्या, शांतता पसरली. संध्याकाळी टीममधून फोन, “तुझा कोड असा विस्कटलेला का येतोय? फॉरमॅटर लावला नाहीस?”

रात्री जेवताना बाबांना सांगितलं, तुमच्या व्हॉल्व्हने निर्दोष माणूस फासावर दिला.

“तुहं नळीचं भांडन नाई ना बे, धुऱ्याचं हाये,” बाबा भाकर मोडत म्हणाले. “धुऱ्यावर दोघं भांडून राह्यले. त्यातल्या एकाले घरी बसवलं तं भांडन मिटनारच. म्हून तोच चोर होते का?”

तेच होतं. फॉरमॅटर सेव्ह करताना दुहेरी करत होता, आणि लिंटरच्या, म्हणजे चुकांखाली लाल रेघा मारणाऱ्या एक्स्टेन्शनच्या, नियमांत एकेरी लिहिलेलं. दोघे आपापल्या जागी बरोबर. बायसेक्ट बिचारं जोडीतल्या एकाकडे बोट दाखवून मोकळं होतं, भांडण दोघांचं आहे हे त्याला दिसत नाही. मी फॉरमॅटर परत आणला, मांडणीचा हक्क त्याला एकट्याला दिला, आणि लिंटरच्या फाईलीतला अवतरणचिन्हांचा नियम बंद केला. चुका दाखव, मांडणीत पडू नको. एवढं एका ओळीत होतं. मांजर ठेवलं.

बाबा मागे उभे राहून बघत होते.

“म्हंजे या फाईलीत लिवलं का धुरा पक्का?”

“पक्का.”

“कोनी रातच्याले सरकवला तं?”

“पुढच्या सेव्हला जागेवर येतो.”

बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आपला सर्वे नंबर टाकून पाय बरं त्यात.”