रोमन तळ: लेखी नियमातला आणि मातीतला

रोमन सैन्याच्या शिस्तीचे गोडवे गाणारा एक मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: मोहिमेवरचे रोमन सैन्य, मुलूख कोणताही असो, रोज संध्याकाळी दोन-तीन तासांत हुबेहूब एकाच नकाशाचा तटबंद तळ उभारी आणि सकाळी तो मोडून पुढे कूच करी, त्यामुळे या तळांच्या आत आज काहीही सापडत नाही, मात्र खंदकाच्या आतले क्षेत्रफळ मोजले की सैन्य किती होते आणि कोणत्या सेनापतीचे होते, हे बिनचूक सांगता येते. यातले सगळेच खोटे नाही, आणि म्हणूनच ते एकेक मुद्दा घेऊन तपासावे लागते. (मजकुरात या मुक्कामांना 'छावणी' म्हटलेले असते. मराठी फौजांच्या बाबतीत छावणी म्हणजे पावसाळ्यातला दीर्घ मुक्काम. कूच चालू असताना पडतो तो तळ. इथे तळ हाच शब्द वापरतो.)

'एकच नकाशा' हा समज पॉलिबियसपासून चालत आलेला आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात लिहिणारा हा ग्रीक इतिहासकार सांगतो की ग्रीक लोक जमीन पाहून तळाचा आकार बदलतात, तर रोमन लोक खणण्याचे कष्ट सोसतात पण मांडणी बदलत नाहीत. त्याने वर्णिलेला तळ चौरस आहे, बाजू सुमारे 2,150 रोमन फूट. परंतु हायजिनसच्या नावावर मोडणाऱ्या, साम्राज्यकाळातल्या एका तांत्रिक ग्रंथात तळ आयताकृती सांगितलेला आहे, लांबी रुंदीच्या दीडपट आणि कोपरे गोलाकार. म्हणजे दोन लेखी नियमांतच एकवाक्यता नाही. जमिनीवर तर फरक आणखी मोठा आहे. स्कॉटलंडच्या ईशान्येकडील रेडाइक्स येथील तळाची कड टेकड्यांच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकडीतिकडी फिरते. सीझरने इ.स.पू. 52 मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) अलेसियाला वेढा घातला तेव्हाचे टेकड्यांवरचे तळ, जे तिसऱ्या नेपोलियनच्या आदेशाने 1861 ते 1865 दरम्यान खणले गेले आणि 1990 च्या दशकात फ्रेंच-जर्मन पथकाने पुन्हा तपासले, तेही जमिनीचाच आकार घेतात. प्रवेशद्वारांचीही तीच गोष्ट. कुठे दारासमोर थोड्या अंतरावर आडवा खंदक आणि बांध असतो, कुठे तटच आत किंवा बाहेर कमानीसारखा वळवलेला असतो, आणि स्ट्राकाथ्रोच्या नावाने ओळखला जाणारा, वळण आणि तिरपा खंदक यांची जोड असलेला प्रकार मुख्यतः स्कॉटलंडमध्ये आढळतो. रोमनांकडे एक ठरीव पद्धत होती हे खरे. तिच्यात जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदल होत होते, हेही तितकेच खरे.

दोन-तीन तासांचा दावा मात्र मी सरसकट खोडून काढणार नाही. हायजिनसच्या ग्रंथातला किमान खंदक फक्त 5 फूट रुंद आणि 3 फूट खोल आहे. तीन किलोमीटर परिघाच्या मोठ्या तळाला असा निमुळता खंदक खणायचा तर सुमारे 2,000 घनमीटर माती निघेल, आणि दहा हजार माणसे खपली तर प्रत्येकाच्या वाट्याला काही घमेलीच येतील. भुसभुशीत जमिनीत हे संध्याकाळपर्यंत सहज उरकते. पण तळ लहान असेल तर माणशी परीघ वाढतो, आणि जमीन खडकाळ असेल तर खणण्याऐवजी दगड रचावे लागतात. काम चालू असताना सैन्य किती उघडे पडते, हे इ.स.पू. 57 मध्ये गॉलमधल्या नेर्वी टोळीने तळ बांधण्यात गुंतलेल्या सीझरच्या सैन्यावर हल्ला करून दाखवून दिले. शिवाय हे कौशल्य उपजत नव्हते. वेल्समधल्या लँड्रिनडॉडच्या माळावर इवल्याशा सराव-तळांचा एक समूहच आहे. त्यांत राहायला जागा नाही. खणायला अवघड असलेले कोपरे आणि दरवाजे मात्र काळजीपूर्वक केलेले आहेत. नवख्या शिपायांकडून ते खणून घेतले गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. मजकुरात पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याचाही हवाला असतो. मात्र रोमन शिस्तीचे हे वर्णन बंडाचा विचार करणाऱ्यांना परावृत्त करण्यासाठी आपण केले, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे, ते कोणी सांगत नाही.

'आत काही सापडत नाही' हा मुद्दा सर्वांत कमकुवत आहे, आणि त्याचा उगम रोमन सैनिकांपेक्षा उत्खननाच्या पद्धतीत आहे. बुजलेल्या खंदकात ओल जास्त टिकते, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात त्यावरचे पीक जास्त उंच आणि हिरवे राहते. विमानातून काढलेल्या छायाचित्रांत अशा हिरव्या रेषा दिसल्यामुळेच ब्रिटनमधले बहुतेक तळ उजेडात आले. साहजिकच अभ्यासकांनी त्या रेषांवरच आडवे चर घेतले, खंदकाचा छेद पाहिला आणि आतला भाग रिकामा धरला. स्कॉटलंडमधल्या किंटोर येथे 2000 ते 2006 दरम्यान बांधकामापूर्वी तळाचा मोठा भाग सलग उघडला गेला, तेव्हा रोमन काळातल्या पाव भाजण्याच्या 180 हून अधिक भट्ट्या मिळाल्या. जर्मनीतल्या थुरिंगिया राज्यात हाखेलबिख येथेही खंदकाबरोबर भट्ट्या सापडल्या. नाणी आणि भांडी कमी मिळतात हे खरे, परंतु भट्टीतल्या कोळशावरून काळाचा अंदाज बांधता येतो. आणि प्रत्येक तळ एका रात्रीचा नव्हता. मसादा या ज्यू बंडखोरांच्या डोंगरी किल्ल्याला (आजच्या इस्राएलमध्ये) रोमनांनी घातलेल्या वेढ्यातल्या आठ तळांमध्ये दगडाच्या बुटक्या भिंती आजही उभ्या आहेत, ज्यांच्यावर चामड्याचे तंबू ताणले जात. त्यांपैकी एका तळाच्या कोपऱ्यात वेढा संपल्यावर मागे राहिलेल्या तुकडीसाठी लहान तळ वेगळा बांधलेला दिसतो.

राहिला क्षेत्रफळावरून सैन्य मोजण्याचा हिशेब. पॉलिबियसचा तळ सुमारे 40 हेक्टरांचा आणि त्यात माणसे 19,000 च्या आसपास. हायजिनसच्या ग्रंथातला तळ सुमारे 33 हेक्टरांचा, आणि त्यात माणसे सुमारे 40,000. एका हिशेबाने हेक्टरी पाचशेहून कमी, दुसऱ्याने बाराशे. ॲबर्डीनशायरमधल्या ड्युर्नो येथील तळ सुमारे 58 हेक्टरांचा आहे; हे दोन दर लावले तर त्यात 27,000 माणसे होती किंवा 70,000. हवाई छायाचित्रणातले अग्रणी केनेथ सेंट जोसेफ यांनी 1970 च्या दशकात हा तळ शोधला आणि इ.स. 83 च्या सुमारास ब्रिटनचा रोमन सुभेदार ॲग्रिकोला याने जिंकलेल्या मॉन्स ग्राउपियसच्या लढाईशी त्याचा संबंध जोडला. तर्क विचार करण्याजोगा होता, पण तो उभा होता तळाच्या आकारावर आणि जवळच्या बेनाची डोंगरावर. रोमन इतिहासकार टॅसिटसने या लढाईतल्या रोमनांच्या 8,000 सहायक पायदळाचा आणि 3,000 घोडदळाचा आकडा दिला आहे. तळाच्या तटासमोर उभ्या केलेल्या लीजनांची (रोमन सैन्याच्या मुख्य पलटणींची) संख्या तो सांगतच नाही. पुढे इ.स. 208 ते 211 दरम्यान सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचे प्रचंड सैन्यही उत्तर ब्रिटनमध्ये मोहिमेवर होते, त्यामुळे नुसता मोठा आकार पाहून सेनापतीचे नाव ठरत नाही. पर्थशायरमधल्या आर्डॉक येथे एका तळाचा खंदक दुसऱ्याच्या खंदकाला छेदून जातो; त्यावरून आधी कोणता आणि नंतर कोणता एवढे कळते, दोघांचे सेनापती कोण ते खंदक सांगत नाही.