मोजणी फक्त जमिनीची

आमच्या घरावरून शनिवारी सकाळी सात-सव्वासातपासूनच विमाने फिरायला लागतात. मोठी नव्हेत, दोन-चार माणसांची, एका पंख्याची, बहुतेक शिकाऊ वैमानिकांची. धावपट्टीवरून उठायचे, हजारएक फुटांवरून वस्तीभोवती लांबट फेरी घालायची, खाली यायचे, चाके टेकली की लगेच पुन्हा उठायचे. याला इथे 'टच अँड गो' म्हणतात. तेच विमान तासाभरात आठ-दहा वेळा डोक्यावरून जाते. कानठळ्या बसतील असा आवाज नसतो. ज्याचे घर पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून आहे त्याला विचारा, तो सांगेल कसा असतो ते.

हे कॅलिफोर्नियातले पूर्व सॅन होजे, आणि विमानतळ रीड-हिलव्ह्यू. १९३०च्या दशकाच्या अखेरीस रीड नावाच्या भावांनी मोकळ्या रानात धावपट्टी काढली. १९६१ मध्ये सांता क्लारा काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाने, ती विकत घेतली. पुढे घरे आली, शाळा आल्या, कुंपणापलीकडे ईस्टरिज मॉल आला. आज तीन हजार फुटांच्या जरा वर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या आहेत आणि वर्षाला दोन लाखांच्या घरात उड्डाणे-उतरणी होतात. दीड मैलाच्या आत पन्नास हजारांहून जास्त माणसे राहतात: मेक्सिकन, व्हिएतनामी, फिलिपिनो, आणि टेकड्यांच्या बाजूला एव्हरग्रीनमध्ये आपली माणसे. मराठी कुटुंबेही बरीच.

अकरा वर्षांपूर्वी घर घेतले तेव्हा कागदांच्या चळतीत एक कागद होता. हे घर विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात येते, आवाज, कंपने, वास यांचा त्रास होऊ शकतो, असे त्यावर लिहिले होते. कॅलिफोर्नियात विकणाऱ्याला तो कागद कायद्याने द्यावाच लागतो. मी वाचून सही केली. म्हणून गणपतीच्या जेवणात आमच्या ह्यांचे एक मित्र, जे स्वतः हौसेने विमान चालवतात, मला म्हणाले, "वहिनी, विमानतळ आधीपासून आहे. तुम्ही नंतर आलात, तेही सही करून. आता तक्रार कशाची?"

त्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. माणसाला विमान चालवायला कुठेतरी शिकावेच लागते. सॅन होजे स्टेट विद्यापीठाची मुले इथेच शिकतात, त्यातली कितीतरी साध्या घरांतली आहेत. आवाजापुरते बोलायचे तर माझ्याकडे त्यांना द्यायला खरोखरच उत्तर नव्हते. त्या कागदावर आवाज होता, कंपने होती, वासही होता. शिसे नव्हते.

गाड्यांच्या पेट्रोलमधले शिसे अमेरिकेत १९९६ पर्यंत आणि भारतात २००० साली बंद झाले. छोट्या विमानांच्या इंधनातून ते कधी गेलेच नाही. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक विमानांत '१०० एलएल' नावाचे पेट्रोल भरतात. एलएल म्हणजे कमी शिसे, पण हे 'कमी'ही लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या वर असू शकते. काउंटीने आमच्या भागातल्या मुलांच्या २०११ ते २०२० या काळातल्या सुमारे १७ हजार रक्तचाचण्यांचा अभ्यास करवून घेतला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. विमानतळापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात दूरच्या मुलांपेक्षा जास्त शिसे. वारा जिकडे वाहतो त्या पूर्वेकडच्या मुलांत आणखी जास्त. विमानांची वर्दळ वाढली की आकडा वर, करोनाच्या पहिल्या महिन्यांत वर्दळ घटली तेव्हा आकडा खाली.

आम्ही पूर्वेला राहतो. त्या आठवड्यात मी धाकटीला घेऊन डॉक्टरकडे गेले. ती पाच वर्षांची होती. दंडातून रक्त काढताना ती रडली नाही, मीच खिडकीकडे तोंड केले. तिचा आकडा काळजीच्या रेषेच्या खाली निघाला. पण त्याच डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितले की मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. मग 'खाली' या शब्दाचा आधार आईने किती घ्यायचा?

१ जानेवारी २०२२ पासून काउंटीने इथे शिसेयुक्त इंधनाची विक्री बंद केली. वैमानिकांच्या संघटना खवळल्या, आणि त्यांचा मुद्दा सुरक्षेचा होता, तो खराही होता. तेव्हा मिळत असलेले शिसेविरहित इंधन ९४ ऑक्टेनचे. ऑक्टेन म्हणजे इंजिनातला दाब ठोके न बसता सोसण्याची इंधनाची ताकद. साध्या इंजिनांना ते चालते. जास्त दाबाच्या ताकदवान इंजिनांना चालत नाही, त्यांत ठोके बसून इंजिन बिघडू शकते. चुकून भलते इंधन भरले गेले आणि उडताना इंजिन बंद पडले, तर ते विमान आमच्याच छपरांवर यायचे. हा वाद ऐकताना मला प्रथमच जाणवले की आवाज, विष आणि अपघात या तीन वेगळ्या तक्रारी नाहीत. एकीचे औषध दुसरीला बाधू शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० ऑक्टेनचे शिसेविरहित इंधन इथे विक्रीला आले. ऑक्टेनचा प्रश्न त्याने सुटला, तरी इंजिनांना आणि टाक्यांच्या रंगाला ते मानवते का, यावर वैमानिकांत अजून वाद आहेत.

विमानतळच बंद करा, असेही काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाला वाटते. त्यांच्या हातात ते नाही. विमानतळाने केंद्राच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेकडून वेळोवेळी अनुदान घेतले आहे, आणि ज्याने पैसे घेतले त्याने विमानतळ चालू ठेवण्याची हमी दिलेली असते. ती हमी २०३१ पर्यंत आहे. रात्री विमाने नकोत एवढा साधा नियमही गावाला स्वतःहून करता येत नाही. केंद्राच्या १९९० च्या कायद्याने ती वाट जवळजवळ बुजवली. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका या श्रीमंत शहराने वर्षानुवर्षे कज्जे लढून २०१७ मध्ये एफएएशी तडजोड मिळवली, त्यांचा विमानतळ २०२८ संपल्यावर बंद करता येईल. आमच्या पूर्व सॅन होजेमागे तसले वकील नाहीत. अमेरिकेत कायदा सगळ्यांना सारखा असतो असे कुणी सांगितले, की मला हे दोन विमानतळ आठवतात.

तरीही एक गोष्ट इथे झाली. कुणीतरी मोजले. सरकारी पैशाने, आमच्या मुलांच्या रक्तचाचण्या अभ्यासून, आकडे छापून लोकांपुढे ठेवले. वैमानिकांनी त्या आकड्यांवर आक्षेप घेतले, तेही आकड्यांनीच. भांडणाला पाया मिळाला.

मी घाटकोपरची. २८ जून २०१८ ला दुपारी जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक छोटे विमान घाटकोपरला जागृतीनगरजवळ बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर कोसळले. विमानातले चौघे आणि रस्त्याने चाललेला एक माणूस गेला. मजूर जेवायला गेले होते म्हणून वाचले. आमची चाळ तिथून चालत पंधरा मिनिटांवर. आईचा फोन आला तेव्हा इथे मध्यरात्र होती. ती एवढेच म्हणाली, "अगं, आपल्यावर नाही पडलं." त्यानंतर कितीतरी दिवस मी मराठी बातम्या वाचत होते. वैमानिकांच्या धैर्याबद्दल वाचले, पावसाबद्दल वाचले, विमानाच्या जुनेपणाबद्दल वाचले. दुरुस्तीनंतरचे चाचणीचे उड्डाण देशातल्या सर्वांत दाट वस्तीवरून का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला, आणि तोही आठवड्यात विरला. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान मेघाणीनगरच्या वैद्यकीय वसतिगृहावर पडले, जमिनीवरची १९ माणसे गेली, तेव्हा आईने तेच वाक्य पुन्हा म्हटले.

जुहू तर देशातल्या नागरी विमानवाहतुकीचा पाळणा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. आज त्या धावपट्टीच्या चारी बाजूंना माणसे आहेत. पण मुंबईत विमानतळ म्हटला की सोसायटीच्या बैठकीत शब्द येतो तो 'फनेल झोन', म्हणजे विमाने चढतात-उतरतात त्या वाटेखालचा, इमारतींची उंची बांधून दिलेला पट्टा. किती मजले मिळणार, एनओसी कधी येणार, बिल्डर कोपऱ्यात काय म्हणाला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग उतरवायला सांगितले, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर चर्चा झाली ती फ्लॅटच्या किमतींची. मी त्यांना दोष देत नाही. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्याला मजला म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मात्र ती उंची का ठरवली आहे, आपल्या गच्चीवरून किती फुटांवर विमान जाते, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. पुण्यात विमाननगर-लोहगावच्या फ्लॅटच्या जाहिरातीत 'विमानतळ पाच मिनिटांवर' हे सुख म्हणून छापतात. मला इथे मिळाला तसला कागद तिथे घर घेणाऱ्या माझ्या मामेबहिणीला कुणी दिला नाही. हवाई दलाचे सुखोई पहिल्यांदा डोक्यावरून गेले तेव्हा तिचे बाळ दचकून तासभर रडत होते.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे यासाठी भूमिपुत्रांनी जे आंदोलन केले त्यामागची वेदना मला कळते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना निदान आपल्या नेत्याचे नाव तरी तिथे हवे. पुण्याजवळ पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी सात गावांत मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करायला अधिकारी आले, कुंभारवळणला लाठ्या चालल्या, नंतर बऱ्याच शेतकऱ्यांनी संमती दिली. तिकडची सगळी भाषा मोबदला, एकरी दर, परतावा, संमतिपत्र हीच. ते बरोबरच आहे, जमीन हेच त्यांचे सर्वस्व. पण माझे लक्ष अडकते ते त्या सात गावांच्या सीमेला लागून असलेल्या आठव्या, नवव्या, दहाव्या गावात. त्यांची जमीन जाणार नाही. त्यांना मोबदला नाही, आंदोलनात जागा नाही, सातबाऱ्यावर बोजा नाही. विमाने मात्र त्यांच्या गोठ्यावरून जाणार. आपल्याकडे मोजणी म्हटली की जमिनीचीच, फार तर झाडांची आणि विहिरींची. माणसाच्या कानावर आणि रक्तावर काय येणार याची मोजणी कोणत्याच तलाठ्याच्या दप्तरात नाही.

छोट्या विमानतळांचे तर आणखी अवघड. बारामतीला वर्षानुवर्षे वैमानिक शिकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने शेतात पडली. सुदैवाने कुणी दगावले नाही, आणि बातमी तिथेच संपली. त्याआधी वर्षभर, सप्टेंबर २०२२ मध्ये, वडोदऱ्याच्या सरकारी तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे विमानांचे पेट्रोल बाजारात आले. आता आयात नको, उलट निर्यात करू, असा आनंद झाला. मीही ती बातमी उघडली आणि नावावर थबकले: एव्हगॅस १०० एलएल. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्या घराशेजारी जे विकणे बंद झाले होते, तेच. आनंदात शिशाचा उल्लेखही नव्हता. वाट आहे, हे अमरावतीने दाखवले आहे. तिथल्या बेलोरा विमानतळावरच्या प्रशिक्षण संस्थेसाठी मागवलेली विमाने जेट इंधनावर चालणारी आहेत, त्यात शिसे नसते. तो निर्णय शिशासाठी घेतला की खर्चासाठी, मला देणेघेणे नाही. बाकीच्या प्रशिक्षण केंद्रांना तोच नियम करा. ज्या धावपट्ट्या राज्य सरकारच्या मालकीच्या आहेत, तिथे भाडेपट्ट्यात अट घालायला दिल्लीकडे जावे लागत नाही. सांता क्लारा काउंटीला ज्यासाठी एवढे भांडण अंगावर घ्यावे लागले ते मंत्रालयातून एका कागदावर होईल, कारण आपली अनेक केंद्रे अजून वाढायची आहेत, हमीच्या बेड्या अजून पडायच्या आहेत.

आमचे वैमानिक मित्र यावरही म्हणतील, वहिनी, पुन्हा तेच, विमानतळ आधी की वस्ती आधी. पुरंदरात, बेलोऱ्यात गाव आधी आहे. तिथे तरी हा प्रश्न उलटा विचारायला हवा. आणि पूर्व सॅन होजेच्या त्या १७ हजार चाचण्यांतले एकही मूल सही करून तिथे राहायला आलेले नव्हते.

माझा मावसभाऊ बारामतीजवळ दूध घालतो. त्याचे शेत फेरीच्या वाटेखाली येते. मी त्याला हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा तो आधी हसला, म्हणाला, "ताई, आम्हाला त्या विमानांची आता सवय झालीय, म्हशीसुद्धा मान वर करत नाहीत." मग जरा वेळाने विचारले, "पोरांचं रक्त कुठं तपासून मिळतं?" त्याने तालुक्याच्या लॅबमध्ये चौकशी केली, नमुना बाहेर पाठवावा लागेल म्हणाले. मी त्याला म्हटले, तोवर तू मोजायला लाग. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. दुधाच्या हिशेबाच्या वहीचे मागचे पान, बॉलपेनने आखलेले: तारीख, वेळ, फेऱ्या. पहिल्या सकाळच्या रकान्यात सहा ते नऊ, एकोणीस.