शिंकणारा पांढरा उंदीर आणि ‘जनहितार्थ’ मेसेज

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. पाळलेला पांढरा उंदीर शिंकायला लागला की त्याच्या नाकाडोळ्यांतून रक्त येतं, तो रोग घरातल्या मुलांना लागतो. कापराची धुरी द्या, माणसाची अमोक्सिसिलीन या अँटिबायोटिकची पाव गोळी दुधातून पाजा, दोन दिवसांत उतार पडला नाही तर नदीकाठी सोडून या, दुकानात दुसरा मिळतो. खाली ‘जनहितार्थ’ आणि हात जोडलेले. आमच्याकडे गेली काही वर्षं उंदीर आहेत, त्यामुळे हा मेसेज मला दर आठवड्याला कुणी ना कुणी पाठवतंच.

आधी रक्ताचं बघू, कारण माणूस घाबरतो तो तिथेच. ते रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्या स्रावात पॉर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य असतं. एरवी उंदीर तोंड चाटून-पुसून ते साफ करतो. आजारी पडला, थकला, घाबरला की स्राव वाढतो आणि स्वच्छता राहते बाजूला. मग नाकाशी लाल पापुद्रा धरतो. खात्री करायची असेल तर ओल्या कापसाने तो टिपा आणि अंधारात दुकानातल्या नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरा. पॉर्फिरिन गुलाबी-लाल चमकतं, रक्त चमकत नाही. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याने हा प्रयोग बघितला आणि गिऱ्हाईक सोडून दिवा हातात धरून उभा राहिला. लाल दिसणं ही अर्थात ‘काहीतरी बिघडलंय’ची खूण आहेच. ती रक्तस्रावाची नव्हे, एवढंच.

मुलांना लागतो का? या जुनाट श्वसनरोगामागे बहुतेक वेळा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस असतो. हा उंदरांचा जंतू, माणसाला आजारी पाडत नाही. मात्र उंदीर चावल्यावर येणारा ताप खरा आहे आणि लेप्टो मुतातून पसरतो, हेही खरं. म्हणून पिंजरा साफ केला की साबणाने हात धुवा, आणि चावल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना घरात उंदीर असल्याचं आवर्जून सांगा.

धुरीचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. उंदीर नाकानेच श्वास घेतो; आधीच चोंदलेल्या नाकात कापूर, निलगिरी, उदबत्ती गेली की सुजलेल्या श्वासनळ्या आणखी चिडतात. मेसेज ज्याबद्दल अवाक्षर काढत नाही ते म्हणजे पिंजऱ्याचा तळ. सुताराकडून फुकट मिळतो म्हणून लोक लाकडाचा भुसा अंथरतात. त्याची धूळ, देवदार-पाइनच्या लाकडातली उग्र द्रव्यं आणि वर मुतातून सुटणारा अमोनिया. पावसाळ्यात तर भुसा दमट होऊन दुसऱ्याच दिवशी डोळ्यांना झोंबतो. नाक पिंजऱ्याच्या तळाशी नेऊन बघा, तुम्हाला झोंबलं तर तो चोवीस तास त्यातच झोपतोय. जुन्या सुती साडीचे तुकडे अंथरा, रोज बदला. जाळीचा, हवेशीर पिंजरा हवा, पण थेट वाऱ्याच्या झोतात नको. हळद कांडायच्या गिरणीजवळ राहत असाल तर त्या बाजूची खिडकी बंद ठेवा.

आता पाव गोळी. ५०० मिलिग्रॅमची पाव गोळी म्हणजे १२५ मिलिग्रॅम. उंदीर ३०० ग्रॅमचा, माणूस ६० किलोचा, म्हणजे दोनशे पट. माणसाच्या हिशोबात त्या एका पाव गोळीच्या पन्नास गोळ्या होतात! आणि एवढं करूनही जंतूवर नेम लागत नाही: अमोक्सिसिलीन जंतूच्या पेशीभित्तीवर मारा करतं, मायकोप्लाझ्माला पेशीभित्तीच नसते. जनावरांचे डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन हे वेगळं अँटिबायोटिक देतात, बऱ्याचदा जोडीला एन्रोफ्लॉक्सॅसिन, तेही वजनावर मोजून आणि काही आठवडे. दुधातून तर मुळीच नको. दुधातल्या कॅल्शियममुळे या औषधांचा काही भाग अंगी लागत नाही.

अडचण अशी, की आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशींचे. त्यांना दोष नाही. जाताना किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून आकडा लिहून न्या, श्वासाचा व्हिडिओ काढा. जमत असेल तर पुण्याच्या लहान प्राण्यांच्या डॉक्टरांशी फोनवर त्यांचं बोलणं करून द्या. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे चौकशी करावी.

‘दोन दिवसांत उतार’ ही अटच चुकीची. हा जंतू शरीरातून पुरता जात नाही, दबून राहतो. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. त्यात औषध आणि स्वच्छ हवेवर महिनोन्महिने चांगले काढणारे उंदीर असतात. रोज त्याला कानाशी धरा. बरगड्यांतून टिकटिक, घुरघुर ऐकू आली, कुशी उडायला लागल्या, पाठीला पोक काढून केस फुलवून बसला, तर वाट बघू नका. तोंड उघडून श्वास घेत असेल तर त्याच घटकेला डॉक्टर गाठा. काही वेळा औषधं थकतात, तेव्हा दयामरणाचंही त्यांच्याशीच बोलावं लागतं. नदीकाठी सोडणं त्यात बसत नाही. पिंजऱ्यात वाढलेला प्राणी तिथे कुत्र्या-घारींपुढे किती वेळ टिकणार?

राहिला दुकानातला दुसरा. तोही बहुधा हाच जंतू घेऊन येतो, आणि त्याच भुशात ठेवलात तर तोही शिंकणार. आणायचाच असेल तर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, कारण नवा उंदीर आणखी भलते विषाणूही आणू शकतो. आधीपासून एकत्र राहणाऱ्यांची मात्र आजारपणात उगीच ताटातूट करू नका. त्यांच्यात जंतू आधीच वाटला गेलेला असतो, आणि एकटा पडलेला उंदीर खाणं सोडतो.